बिल्डिंग अतिधोकादायक ठरवल्याची नोटीस आलीये, घर सोडलं तर हक्क जातो का?

सायली_७९ | १९ मे, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी, एरवी मी नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय कारण खरंच डोकं चालेनासं झालंय. माझे आई-बाबा ठाणे जिल्ह्यातल्या एका शहरात राहतात, शहराचं आणि बिल्डिंगचं नाव मुद्दाम देत नाहीये कारण मालकाशी वाद चालू आहे. बिल्डिंग १९७९ ची, तळ अधिक तीन, वर सोळा बिऱ्हाडं आणि खाली चार दुकानं, सगळे पागडीवाले भाडेकरू, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन मग नाममात्र भाड्यावर राहणारे. आई-बाबा दुसऱ्या मजल्यावर, भाडं महिना १२० रुपये, पावत्या सगळ्या जपून ठेवल्यात बाबांनी, अगदी पहिल्या महिन्यापासूनच्या.

गेल्या आठवड्यात महापालिकेची नोटीस चिकटवली जिन्यात. महापालिका कायद्याच्या कलम २६४ खाली आहे, इमारत सी-१ म्हणजे अतिधोकादायक, सात दिवसांत रिकामी करा, नाही केलीत आणि काही झालं तर जबाबदारी रहिवाशांची. मालकाने त्याच्या इंजिनिअरकडून ऑडिट करून घेतलं त्यावरून हे आलंय. आमच्यापैकी कोणाला रिपोर्टची कॉपी मिळालेली नाही.

आता बिल्डिंगमध्ये दोन तट पडलेत. एक म्हणतात की ही मालकाची चाल आहे, एकदा बाहेर पडलो की परत आत येणं विसरा. दुसरे म्हणतात पाऊस तोंडावर आलाय, जीव राहिला तर हक्क. बाबा पहिल्या तटातले. ७६ वर्षांचे आहेत, म्हणतात मी इथून हलणार नाही. पण मी परवा गेले तेव्हा बाथरूमचा दरवाजा बंद होत नव्हता, वरची चौकट एका बाजूने खाली आलीये, आणि स्वयंपाकघराच्या बीमचं प्लास्टर पडून आतली सळी दिसते, मी बोट लावलं तर खारीच्या बिस्किटासारखे पापुद्रे निघाले गंजाचे. आई तिथेच खाली उभी राहून पोळ्या करते.

माझा प्रश्न एकच आहे. घर सोडलं तर भाडेकरूचा हक्क जातो का? आणि नेमकं काय काय करून सोडायचं?

गिरगावचा | १९ मे, रात्री ११:१५

सायलीताई, सोडू नका एवढ्यात. आमच्याकडे गिरगावात मामांची चाळ अशीच रिकामी केली, तात्पुरतं म्हणून संक्रमण शिबिरात गेले ते पंधरा वर्षं तिथेच, मामा तिथेच गेले. बिल्डर बदलला, मालक बदलला, प्लॉटवर गवत वाढलं. रागाने नाही सांगत, काळजीने सांगतोय. एकत्र राहा, कोर्टातून स्टे घ्या आधी.

सिमेंटवाळू | २० मे, सकाळी ७:०५

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर, बत्तीस वर्षं झाली या कामात, त्यातली काही वर्षं एका महापालिकेच्या पॅनलवर होतो. गिरगावच्या दादांचं दुःख खरं आहे पण सायलीताई, तुम्ही जे लिहिलंय ना, चौकट एका बाजूने खाली येणं आणि सळीचे पापुद्रे निघणं, हे दोन्ही एकाच घरात असेल तर मी आज तुमच्या आईला त्या स्वयंपाकघरात उभं राहू देणार नाही. स्टे मिळेल न मिळेल, बीमला कोर्टाचा कागद वाचता येत नाही. आजच्या आज त्या बीमखाली लोखंडी प्रॉप लावून घ्या, टेकू म्हणतात तेच, लाकडी नको, भाड्याने मिळतात सेंटरिंगवाल्याकडे. आणि प्रॉप एकाच मजल्यावर लावायचे नसतात हे लक्षात ठेवा, नाहीतर वरचं ओझं खालच्या स्लॅबवर येतं, खालपर्यंत एकाखाली एक उतरवत न्यावे लागतात. म्हणजे खालच्या बिऱ्हाडाची आणि दुकानाचीही तयारी पाहिजे.

आता वर्ग समजून घ्या कारण सगळा खेळ त्यावर आहे. सी-१ म्हणजे राहण्यालायक नाही, रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करायची, मग परत राहायला यायचं. सी-२बी म्हणजे माणसं राहत असताना स्ट्रक्चरल दुरुस्ती चालते. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. मुंबईत हे सुरू झालं आणि मग इतर महापालिकांनीही हेच घेतलं. लोक सी-१ आणि सी-२ए यात गल्लत करतात आणि काही मालकांना ती गल्लत हवी असते, कारण सी-२ए निघालं तर दुरुस्तीचा खर्च करावा लागतो आणि भाडेकरू परत येतो.

म्हणून पहिलं काम म्हणजे रिपोर्टची कॉपी. महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या, सोबत माहिती अधिकाराचाही अर्ज टाकून द्या. रिपोर्टमध्ये फक्त फोटो आणि 'इमारत जीर्ण झाली आहे' असं दोन पानी असेल तर ते ऑडिट नाही.

सायली_७९ | २० मे, सकाळी ९:३०

काका खूप आभार. प्रॉपचं आजच बघते, भावाला फोन केलाय. ऑडिटमध्ये नेमकं काय असायला हवं ते सांगाल का, म्हणजे कॉपी मिळाली तर मला कळेल?

सिमेंटवाळू | २० मे, दुपारी १:५०

सांगतो, थोडं लांब होईल.

हातोड्यासारखं एक यंत्र असतं, रिबाउंड हॅमर, काँक्रीटवर दाबलं की आतला दांडा उसळून परत येतो, किती उसळला त्यावरून वरच्या थराचा टणकपणा कळतो. एवढ्यावर निकाल द्यायचा नसतो. मग अल्ट्रासॉनिक, म्हणजे काँक्रीटमधून आवाजाची लहर सोडायची, सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर वेग आला तर काँक्रीट चांगलं, तीनच्या खाली गेला तर आत पोकळी किंवा भेगा आहेत असा संशय घ्यायचा. सळी किती गंजतेय ते बघायला हाफ सेल पोटेन्शियल, उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे रीडिंग गेलं की गंज चालू असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांच्या वर धरतात. आणि कोअर, म्हणजे काँक्रीटचा गोल तुकडा कापून प्रयोगशाळेत फोडून बघणं.

मला स्वतःला सगळ्यात बोलकी वाटते ती कार्बोनेशनची टेस्ट. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन फवारायचं, काँक्रीट जिवंत असेल तर डाळिंबासारखं गुलाबी होतं आणि मेलं असेल तर रंगच येत नाही. चांगल्या काँक्रीटमधला क्षार सळीला गंजण्यापासून वाचवतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरत जाऊन तो क्षार संपवतो. मी असे कॉलम पाहिलेत की फक्त मधोमध रुपयाएवढा गुलाबी ठिपका उरलेला आणि चारही सळ्या बिनरंगी भागात. त्या कॉलमला बाहेरून कितीही चांगलं प्लास्टर करा, रंग काढा, काही उपयोग नाही. आपल्या ठाणे जिल्ह्यात त्या काळात खाडीची रेती नीट न धुता वापरलेली असायची, त्यातलं मीठ वेगळंच. मीठ आणि पाणी मिळालं की सळी फुगते आणि फुगली की काँक्रीट आतून फोडते. तुमचे पापुद्रे तेच.

तर रिपोर्टमध्ये या चाचण्यांचे आकडे, कुठल्या कॉलमवर कुठल्या मजल्यावर घेतले त्याचा नकाशा, आणि 'दुरुस्ती शक्य आहे का, नसेल तर का नाही' याचं कारण, एवढं हवंच. तुमचाही इंजिनिअर नेमा, सोळा बिऱ्हाडांनी वर्गणी काढून. दोन रिपोर्ट एकमेकांच्या विरुद्ध आले तर मुंबईत प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं, बाकी मोठ्या महापालिकांतही अशी समिती असते, तुमच्याकडे आहे का ते लेखी विचारा. पण एक अट माझी. दुसरा रिपोर्ट करून घेतोय म्हणून आत राहायचं, असं करू नका. बाहेर राहूनही रिपोर्ट करता येतो.

नीला_वकील | २० मे, संध्याकाळी ६:२०

सायलीताईंच्या मूळ प्रश्नाचं उत्तर सरळ देते, नाही, जात नाही. घर सोडल्याने जात नाही, आणि महापालिकेने इमारत पाडली म्हणूनही जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शहा रतनशी खिमजी प्रकरणात स्पष्ट म्हटलंय की महापालिकेने इमारत पाडली तरी भाडेकरार संपत नाही, कारण भाडेकरूचा हक्क नुसत्या भिंतींवर नसतो, खालच्या जमिनीवरही असतो. हे एक वाक्य बाबांना वाचून दाखवा.

पण कागदावर हक्क असणं आणि तो सिद्ध करता येणं यात अंतर आहे, लोक बुडतात ते तिथे. बिल्डिंग पडून गेल्यावर तुमची खोली २२० फूट होती का २८० हे कोण सांगणार? म्हणून २०१४ मध्येच मुंबई उच्च न्यायालयाने मुंबई महापालिकेच्या याचिकेवर मार्गदर्शक सूचना घातल्या, त्यात पाडण्याआधी प्रत्येक भाडेकरूच्या ताब्यातलं क्षेत्रफळ मोजून त्याची नोंद करण्याचा मुद्दा आहे. तुम्ही मुंबईबाहेर आहात तरी त्याचा आधार घेऊन अर्ज करा. महापालिकेचा माणूस येऊन टेप लावून मोजून, भाडेकरूचं नाव, मजला, खोली क्रमांक, क्षेत्रफळ, वापर घरगुती का दुकान, असं लिहून सही-शिक्का देईल ते कागद मिळाल्याशिवाय ताब्याची चावी कोणाच्या हातात देऊ नका. मालकाच्या तर नाहीच. राहू नका पण कुलूप तुमचं ठेवा.

भाड्याबद्दलही. भाडं भरत राहा, मालक घेत नसेल तर मनीऑर्डर करा, परत आली तर ती पावती जपून ठेवा. भाडं थकलं की मालकाला वेगळं कारण मिळतं.

आणि हे नीट वाचा, मालकाच्या हातातही एक रस्ता आहे. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा १९९९ च्या कलम १६ मध्ये स्थानिक संस्थेने पाडायचा आदेश दिला असेल तर त्या कारणावरून ताबा मागता येतो. म्हणून आदेश कसा निघाला, ऑडिट खरं होतं का, हे तपासणं गरजेचं.

मालकांच्या_बाजूने | २० मे, रात्री ९:४५

सगळे मालकाला शिव्या देतायत म्हणून लिहितोय. माझ्या आजोबांनी बांधलेली बिल्डिंग आहे, मी मालक आहे, कोल्हापूरकडच्या शहरात. अकरा भाडेकरू, सगळ्यांचं मिळून महिन्याला दीड हजाराच्या आत भाडं येतं. घरपट्टी त्यातून भरायची, पाण्याची टाकी गळली की ती मीच करायची. गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायला गेलो तर कोटेशन चार लाख. कुठून आणू? भाडेकरूंना म्हटलं निम्मे द्या तर म्हणतात कायद्याने दुरुस्ती मालकाने करायची. बरोबर आहे त्यांचं, कायदा तेच म्हणतो. पण १२० रुपये भाडं घेऊन चाळीस वर्षं आरसीसी जिवंत ठेवता येत नाही हे पण कोणीतरी म्हणा ना. मी कोणाला बाहेर काढायला नोटीस काढली नाही, मला रात्री झोप लागत नाही पावसात.

नीला_वकील | २० मे, रात्री १०:३०

दादा तुमचं म्हणणं अगदी मान्य. कायद्यात भाडेकरूला मार्ग दिलाय तोही आजच्या काळात अपुराच आहे. भाडेकरूने नोटीस देऊनही मालकाने १५ दिवसांत दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूने स्वतः करायची आणि भाड्यातून वळती करायची, पण वर्षाला वर्षभराच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. सायलीताईंच्या घराचं धरा, १२० गुणिले १२ म्हणजे १४४०, त्याचा चौथा हिस्सा ३६० रुपये. ३६० रुपयांत सिमेंटची एक गोणी येते. म्हणून मालक करत नाही, भाडेकरू करू शकत नाही, आणि बिल्डिंग सी-३ वरून सी-१ ला जाते, दहा-पंधरा वर्षांत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

पेठेतली_रमा | २१ मे, सकाळी ८:१५

पुण्यात पेठेत हेच दर मे महिन्यात. आमचा वाडा माती-लाकडाचा, आमच्या पाठचा वाडा पाडला तेव्हा कळलं की मधली भिंत दोघांची एकच होती. तो वाडा गेला तशी आमची भिंत उघडी पडली, त्या पावसात सगळं पाणी तिच्यात मुरलं, ऑगस्टमध्ये पोट सुटलं भिंतीचं, सासूबाईंच्या अंथरुणावर माती पडायला लागली रात्री. तेव्हा आम्ही निघालो. ज्यांच्या शेजारी जुनी बिल्डिंग पाडायचं काम निघालंय त्यांनीही बघा, नोटीस तुमच्या घराला नसली तरी.

कोपरकर | २१ मे, सकाळी ११:००

एक शंका. ऑडिट तीस वर्षं झाली की सक्तीचं ना? मग १९७९ ची बिल्डिंग २००९ लाच ऑडिट व्हायला हवी होती, महापालिका तेव्हा काय करत होती?

सिमेंटवाळू | २१ मे, दुपारी ३:१०

बरोबर विचारलंत. मुंबईच्या कायद्यात कलम ३५३बी, बाकी महापालिकांच्या कायद्यात २६५ए. तीस वर्षं झाली की मालकाने किंवा सोसायटीने नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून प्रमाणपत्र घेऊन द्यायचं आणि पुढे दर दहा वर्षांनी. नाही दिलं तर २५ हजार किंवा वर्षाची घरपट्टी यातलं जे जास्त असेल तेवढा तरी दंड. पण मी पाहिलंय ते सांगतो, पालिकेकडे बिल्डिंगच्या वयाची धड यादीच नसते बऱ्याच ठिकाणी. पावसाळ्याआधी एप्रिल-मेमध्ये प्रभागातला ज्युनिअर इंजिनिअर दोन-तीन बीटमुकादम घेऊन फिरतो, त्याच्याकडे अतिक्रमणाचंही काम असतं आणि निवडणुकीचंही, तो बाहेरून बघून यादी करतो. बाहेरून रंग चांगला असेल तर सुटली. मी त्या मुलांना दोष देत नाही, एकेकाच्या अंगावर हजारोंनी इमारती असतात.

आणि तीस वर्षांच्या आकड्यावर विसंबू नका कोणी. महाडची तारिक गार्डन २४ ऑगस्ट २०२० ला पडली, १६ जणं गेली, ती जेमतेम सात वर्षांची होती. मुंब्र्याजवळ शीळफाट्याला ४ एप्रिल २०१३ ला पडली ती तर अजून बांधून पूर्ण व्हायची होती, ७४ जणं. घाटकोपरला २५ जुलै २०१७ ला पडली, १७ जणं, तिथे तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं. म्हणून सायलीताई, विचारतो, तुमच्याकडे खालच्या दुकानांनी कधी काही तोडफोड केली आहे का?

सायली_७९ | २१ मे, संध्याकाळी ७:४०

काका, तुम्ही विचारलंत आणि माझ्या पोटात गोळाच आला. केली होती. साधारण २०११ मध्ये कोपऱ्याच्या दोन दुकानांनी मधली भिंत काढून एकच मोठं केलं आणि पुढची पायरी खोदून शटर खाली नेलं. तेव्हा बाबांनी तक्रार पण दिली होती, त्याची पोच आहे. आमचं स्वयंपाकघर बरोब्बर त्याच दुकानाच्या वर आहे, मध्ये पहिला मजला.

प्रॉप लागले काल रात्री. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी लगेच परवानगी दिली, दुकानवाला नाही म्हणाला, धंद्याला अडचण होते म्हणून.

सिमेंटवाळू | २१ मे, रात्री ८:०५

मग प्रॉप अर्धवट आहेत. आई-बाबांना आज रात्री तुमच्याकडे आणा. मी एवढं स्पष्ट सहसा लिहीत नाही.

आणि एक साधी गोष्ट करा, निघण्याआधी चौकटीवरच्या तड्यावर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवा, सूक्ष्मदर्शकाला लागते तसली काच, दोन्ही टोकं सिमेंटच्या ठिपक्यात किंवा एपॉक्सीत बसवायची, खाली तारीख लिहायची. तडा जुना असेल आणि थांबलेला असेल तर काच तशीच राहते. तडा चालत असेल तर काच तुटते. लांबून, बाहेरून, प्रॉपच्या या बाजूने बघता येईल अशी लावा.

गिरगावचा | २१ मे, रात्री ११:५०

मी पहिल्या प्रतिसादात सोडू नका म्हटलं होतं ते मागे घेतो. दुकानाची भिंत काढलेली आहे हे माहीत नव्हतं. मामांचं अजून टोचतं म्हणून तसं लिहिलं गेलं. मामांच्या वेळी क्षेत्रफळाचा कागद कोणी घेतलाच नव्हता, नुसती भाडेपावती होती, त्यावर खोली नंबर पण नाही. तुमच्याकडे पावत्या आहेत, तक्रारीची पोच आहे, तुमचं प्रकरण मजबूत आहे.

मुंबईतल्यांसाठी लिहून ठेवतो, ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठीचा उपकर भरणाऱ्या इमारतींचा मामला वेगळा, तिथे म्हाडाचं दुरुस्ती आणि पुनर्रचना मंडळ असतं. म्हाडा कायद्याच्या ७९अ प्रमाणे धोकादायक ठरली की मालकाला सहा महिने, त्याने प्रस्ताव दिला नाही तर भाडेकरूंच्या नियोजित सोसायटीला सहा महिने ५१ टक्के संमतीने, आणि तेही नाही झालं तर म्हाडा स्वतः संपादन करते. मात्र २०२५ मध्ये अशा नोटिशा कोणी आणि कशा काढल्या यावर उच्च न्यायालयाने गंभीर आक्षेप घेतलेत, तेव्हा नोटीस आली तर आधी वकिलाला दाखवा. आणि सोसायट्यांच्या पुनर्विकासाचं ७९अ वेगळं, ते सहकार कायद्यातलं, ४ जुलै २०१९ चे निर्देश त्याखालचे. लोक दोन्ही एकच समजतात.

अनघा_डोंबिवली | २२ मे, सकाळी १०:१०

सायली, मी तुझ्या बाबांच्या जागी माझे सासरे बघतेय गं. त्यांना "चला इथून" म्हटलं की वाटतं आपल्याला घालवतायत. आम्ही त्यांना म्हटलं की तुम्ही कागदांचे प्रमुख, मोजणीच्या वेळी तुम्हीच उभं राहायचं. मग आले. रात्री झोपायला आमच्याकडे आणि दिवसा कचेरीत फेऱ्या.

भाडोत्री_नसलेला | २२ मे, दुपारी १२:३५

आमची तर अनधिकृत बिल्डिंग, ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र नाही, मूळ जमीनमालक कुठे आहे माहीत नाही, बिल्डर पळालेला. सोसायटी नोंदवलेली नाही. आम्हालाही दरवर्षी नोटीस येते. आमच्यासारख्यांनी कोणाकडून क्षेत्रफळाचा कागद मागायचा? विरारला २०२५ च्या ऑगस्टमध्ये १७ जणं गेली, ती बिल्डिंगही अनधिकृतच होती. तेव्हापासून बायको मुलीला घेऊन माहेरी आहे.

नीला_वकील | २२ मे, दुपारी ४:००

दादा, तुमची स्थिती जास्त कठीण आहे, खोटा धीर देत नाही. तरीही मोजणीचा अर्ज द्याच. घरपट्टीची पावती, वीजबिल, खरेदीचा नोटरी करार, रेशनकार्ड, मतदार यादी, जे असेल ते जोडा. ठाण्यासारख्या शहरात क्लस्टर म्हणजे समूह पुनर्विकास योजना आहे, किसननगरपासून काम सुरू झालंय, तिथे अनधिकृत इमारतींतल्या रहिवाशांचाही विचार होतो, पण तुम्ही तिथे राहत होतात हे कागदाने दाखवावं लागतं. आणि तात्पुरत्या घरासाठीही अर्ज करा, ठाण्यात धोकादायक इमारतींतल्या लोकांना रेंटल हाउसिंगमधली घरं दिलेली आहेत. खाजगी इमारतीतल्या प्रत्येकाला पर्यायी घर देणं पालिकेवर बंधनकारक नाही असं उत्तर येईल, तरी अर्ज द्या, कारण अर्ज न देणाऱ्याला काहीच मिळत नाही. दरवर्षीच्या नोटिशा फाडू नका, त्याच तुमच्या राहण्याचा पुरावा आहेत.

सायली_७९ | ६ जून, रात्री ९:१५

उशिरा लिहितेय, माफ करा, पंधरा दिवस नुसती धावपळ.

आई-बाबा २१ तारखेला रात्रीच माझ्याकडे आले. बाबा तयार नव्हते, मग मी नीलाताईंनी सांगितलेलं सर्वोच्च न्यायालयाचं वाक्य वहीत लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं, त्यांनी चष्मा लावून स्वतः परत वाचलं आणि म्हणाले तारीख लिही खाली. मग पावत्यांची पिशवी काखेत मारून निघाले. बाकी काही घेतलं नाही त्यांनी, औषधंही मलाच आठवली.

पुढचं सांगते. प्रभाग कार्यालयात पहिल्या वेळी अर्ज घेतलाच नाही, आवकमध्ये माणूस नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी सोळापैकी अकरा बिऱ्हाडांची माणसं एकत्र गेलो, मग घेतला. २ जूनला दोन कर्मचारी आले मोजायला. बाबा बरोबर होते, पोटमाळा धरायचा नाही म्हणाले ते, गॅलरी धरली. आमचं २४३ फूट भरलं कार्पेट. मोजणीचा तक्ता झालाय, सगळ्या बिऱ्हाडांची नावं आहेत, सही-शिक्का काल मिळाला. त्याच्या वीस झेरॉक्स काढल्या बाबांनी.

ऑडिटची कॉपीपण मिळाली. सिमेंटवाळू काका, त्यात चाचण्या आहेत पण सगळी रीडिंग्ज तळमजल्यावरच्या त्या दुकानाच्या बाजूची, मागच्या बाजूचं एकही नाही. आमच्या इंजिनिअरने मागच्या बाजूला चार ठिकाणी घेतली. तिथे काँक्रीट त्या मानाने बरं आहे पण पुढच्या दोन कॉलमना तुम्ही सांगितलेला गुलाबी रंग आलाच नाही, मी स्वतः उभी होते तिथे, फवारलं आणि राखाडी ते राखाडीच राहिलं. त्यांचं मत आहे की पुढचा भाग सी-१ च आहे. म्हणजे मालकाचा रिपोर्ट अर्धवट होता तरी खोटा नव्हता. आमच्यातल्या पहिल्या तटाला हे पचायला जड गेलं, पण आता सोळापैकी चौदा बिऱ्हाडं बाहेर आहेत.

काच २७ मेपर्यंत शाबूत होती. परवा पहिला मोठा पाऊस झाला, काल सकाळी खालून दुर्बिणीने बघितलं भावाने, मधोमध तुटलीये.

आता एकच गोष्ट राहिलीये आणि त्यासाठीच परत लिहितेय. खालची दुकानं अजून उघडी आहेत. चारही. कोपऱ्यातल्या त्या मोठ्या दुकानात दोन पोरं कामाला आहेत, बिहारकडची, रात्री तिथेच झोपतात शटर ओढून. त्यांना मी सांगितलं तर म्हणाले सेठ बोलेगा तब. नोटीस दुकानांना लागू नाही का?

सिमेंटवाळू | ६ जून, रात्री ९:३२

लागू आहे, इमारत म्हणजे सगळी इमारत. काच तुटली म्हणजे तडा चालतोय. उद्या सकाळी कचेरी उघडायच्या आधी ईमेल करा, सहायक आयुक्त आणि आपत्ती व्यवस्थापन कक्ष दोघांना, काचेचा आधीचा आणि आत्ताचा फोटो तारखेसकट, तुमच्या इंजिनिअरचं पत्र, आणि स्पष्ट लिहा की तळमजल्यावर माणसं रात्री झोपतात, किती झोपतात तो आकडा लिहा. त्याच महापालिका कायद्याच्या कलम २६८ खाली दुकानं रिकामी करून घेता येतात, पोलीस बंदोबस्तात. स्थानिक पोलीस ठाण्यालाही कॉपी. आणि आज रात्री त्या दोन मुलांना तिथे झोपू देऊ नका. जवळ कोणी आहे का तुमचं?

सायली_७९ | ६ जून, रात्री ९:४१

भाऊ निघालाय. पहिल्या मजल्यावरच्या काकू ज्यांच्याकडे राहायला गेल्यात त्यांची गॅरेजची खोली रिकामी आहे, तिथे झोपवतोय दोघांना. ईमेल आत्ताच लिहायला बसते.

नीला_वकील | ६ जून, रात्री ९:५०

ईमेलचा मसुदा मला पाठव, पाठवायच्या आधी एकदा बघते. जागीच आहे.